दातातला दोरा

१

दिवाळीचे कपडे गेले, उशीर झाला म्हणून गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन झाल्या, की रंगरावांच्या दुकानात मेण वितळायला लागायचं. शिवरामपेठेच्या त्या गल्लीत बाकीचे शिंपी तेव्हा लग्नसराईच्या ब्लाउजांना हात घालत, आणि हे आपले स्टोव्हवर डबा ठेवून मधमाशीचं मेण नि जवसाचं तेल ढवळत बसलेले. कारण बेट्ट बळगाचे कोट यायचे असत.

बेट्ट म्हणजे डोंगर, बळग म्हणजे गोतावळा. म्हैसूरच्या दहा-बारा डोंगरवेड्यांनी तीसेक वर्षांपूर्वी हा गोतावळा जमवला. विराजपेटेच्या पुढं, नेरळेबेट्टाच्या खांद्यावर, त्यांची मुक्कामाची एक दगडी खोली आहे. तिला सगळे तंगुमने म्हणतात. तिथले नियम दोनच. भिंतीवरच्या खुंट्यांना कोट टांगलेले असतात. जो भिजून येईल त्यानं कोरडा कोट घालावा, उतरताना परत टांगावा. आणि दुसरा नियम, माणूस बाहेर असताना दाराला अडसर घालायचा नाही. मग बाहेर हत्ती असो नाहीतर वाघ.

ते कोट रंगरावांच्या हातचे. जाड सुती कापड, वर मेणाचा हात, कॉलरच्या आत लाल दोऱ्यानं आकडा. आजकालची पोरं मॉलमधून ती सळसळणारी रंगीत जॅकेटं घेतात. करवंदीच्या एका काट्यात त्यांचं वाटोळं होतं. रंगरावांचा कोट वीस वर्षं जातो. फक्त वर्षातून एकदा खाली आणून त्याचं दुखलंखुपलं बघावं लागतं.

पण दोन कार्तिक गेले, मेण वितळलं नव्हतं. सव्वादोन वर्षांमागं, आषाढात, रंगरावांचा एकुलता एक सुदीप त्याच डोंगरावर गेला तो परत आला नाही. नववा कोट त्यानं स्वतः शिवला होता, तो वर नेऊन टांगायचा म्हणून गेला. बरोबर होते चिदंबर मेष्ट्रु, म्हणजे मास्तर, बळगाचे म्होरके, कॉलेजातून निवृत्त झालेले, रंगरावांचे तीस वर्षांचे दोस्त. मेष्ट्रु एकटेच उतरले. फॉरेस्टवाल्यांनी आठ दिवस रान पालथं घातलं. काही मिळालं नाही, कोटाचं बटणसुद्धा नाही. मग वाटच बंद केली त्यांनी. ती उघडली ती यंदा.

तर यंदा कोट आले. मेष्ट्रु दुकानात पोतं घेऊन शिरले ते धापा टाकतच.

"अय्यो, रंगराव, आठच्या आठ आहेत बघा. फॉरेस्टच्या वॉचर रघूनं खाली पाठवले बसनं. मी काही गेलो नाही वर. गुडघे!"

"बसा, मेष्ट्रे. शर्टाची गुंडी लोंबतेय तुमची."

"असू द्या हो."

"कशी असू द्या? शिंप्याच्या दुकानातून तसेच गेलात तर लोक मला हसतील." रंगरावांनी सुईत दोरा ओवला, त्यातला बोटभर तुकडा तोडला आणि मेष्ट्रुंच्या तोंडापुढं धरला. "धरा दातात."

मेष्ट्रु हसले. तीस वर्षं हसत होते. रंगरावांच्या घराण्याची ती रीत होती. अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा नाही. अंगावर शिवतात ते फक्त मेलेल्याचं. अगदीच वेळ आली तर घालणाऱ्यानं दोऱ्याचा तुकडा दातात धरायचा. मी जिवंत आहे, माझं तोंड चालतं, एवढं सुईला कळावं म्हणून.

"मेलोय का मी?" मेष्ट्रु दरवेळी विचारत तसं दात आवळून विचारते झाले.

"म्हणून तर धरायचा," रंगराव म्हणाले, आणि गुंडी लावून दिली.

मेष्ट्रु गेल्यावर त्यांनी पोतं पालथं केलं. कुबट वास, बुरशी, एका खिशात वाळका बेडूक. रंगरावांना बरं वाटलं. हातांना काम मिळालं की त्यांना बरं वाटायचं. चार नंबरचा कोट त्यांनी उजेडात धरला. त्याचं डावं कोपर फाटलेलं त्यांना आठवत होतं, सुदीप गेला त्याच्या आदल्या वर्षीच ते राहून गेलं होतं.

ते कोपर कुणीतरी शिवलं होतं. ठिगळ नीट बसवलेलं, कडा आत दुमडलेल्या, टाके बारीक आणि एकसारखे. आणि सगळे टाके डावीकडं कललेले.

उजव्या हाताचा टाका उजवीकडं झुकतो. डावखुऱ्याचा उलटा. सुदीप डावखुरा होता.

२

माणसाचं डोकं असं असतं, की नको ते दिसलं की ते आधी वकिली करायला लागतं. रंगरावांनी स्वतःला सांगितलं, जगात डावखुरे काय कमी आहेत? कुणी ट्रेकर आला असेल, हाताशी सुईदोरा असेल, सत्कृत्य करून गेला असेल. पण वाट तर बंद होती. मग चोरून आला असेल. चोरून डोंगर चढणारा माणूस दुसऱ्याच्या कोटाला ठिगळ लावत बसतो? बसत असेल की बाबा. कुणाचं काय सांगावं.

त्यांनी बाकीचे सात कोट तपासले. प्रत्येकावर एकेक ठिगळ होतं. टाके डावीकडं कललेले, शेवटची गाठ अस्तराच्या आत लपवलेली, आणि दोऱ्याचं टोक कात्रीनं कापलेलं नाही, चावलेलं. चपटं झालेलं टोक ओळखू येतं. किती वेळा ओरडले होते ते पोराला, "कात्री घे रे सुदीप, दात खराब होतील!" तो हसायचा आणि परत चावायचा.

चार नंबरचा कोट घेऊन ते बोगादीला घरी गेले. लक्ष्मीदेवींना दाखवायचा नव्हता, पण बायकोपासून कापड लपवणं शिंप्याला जमत नाही. त्यांनी तो मांडीवर घेतला, कोपरावरून बोट फिरवलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की रंगरावांना बघवेना.

"त्याचाच हात आहे हा."

"कुणाचाही असेल."

"माझ्या पोराचा हात मला कळत नाही होय? आहे तो. कुठंतरी आहे. मी सांगत नव्हते, दिवस घालू नका म्हणून?" खरंच, त्यांनी पोराचं काही करू दिलं नव्हतं. कोट सापडू दे, मग बघू, एवढंच म्हणायच्या. "काही लागलं असेल डोक्याला. घर आठवत नसेल. पण हात कसा विसरेल?"

 रंगरावांनाही तेच वाटून घ्यायचं होतं. काय सांगू, त्या दुपारी ती आशा सोसवेना म्हणून ते पाणी प्यायला आत गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

परत आले तर लक्ष्मीदेवींनी ब्लेड घेऊन ठिगळाचे दोन टाके उसवले होते. ठिगळाच्या खाली दुसरं कापड होतं. जांभळं इरकल. त्यांचंच जुनं लुगडं. सुदीपनं ते मागून घेऊन नवव्या कोटाला अस्तर लावलं होतं. वरचं ठिगळही त्याच कोटाचं.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तो कोट घालून गेला म्हणाले होते ना मेष्ट्रु?"

"हो."

"घालून गेला, तर ह्या कोटांपाशी कसा आला मग?"

"परत आला असेल कधीतरी," रंगराव जरा चिडूनच म्हणाले. पण ते कापड त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं. संध्याकाळी लक्ष्मीदेवींनी तांदळाची एक भाकरी जास्त थापली.

३

दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉचर रघूला फोन लावला. रघु कानडीत भरभर बोलला. महिन्यातून एकदा तो वर जाई, खोली झाडून येई. माणूस? छे, माणसाचा पत्ता नाही. चूल थंड, राख नाही, फणसाची साल नाही. जिवंत माणूस काहीतरी खाईल की नाही, अण्णा? कोट फाटके होते की शिवलेले, त्यानं बघितलं नव्हतं.

"एक आहे, अण्णा," तो म्हणाला. "दाराचा अडसर. मी तो आत, कोपऱ्यात उभा करून येतो. पुढच्या महिन्यात जावं, तर तो बाहेर पडलेला. दरवेळी. माकडं असतील."

"असतील," रंगराव म्हणाले.

मेष्ट्रु नेहमीसारखे अकरा वाजता कॉफीला आले. रंगराव मशीनवरून उठले नाहीत. नुसतं म्हणाले, "मेष्ट्रे, त्या दिवशीचं परत एकदा सांगा बघू."

"आता कशाला ते उकरून काढता?"

"सांगा."

मेष्ट्रुंनी कप खाली ठेवला. "दोन वाजले होते. धुकं उतरत होतं. त्यानं कोट घातला, नंबर नऊ. म्हणाला, शिखरावर जाऊन येतो. मी म्हटलं, नको रे, आता नको. हट्टी पोर. गेला." त्यांनी चष्मा पुसला. "मी दारात उभा राहून हाका मारल्या, अंधार पडेपर्यंत."

रंगरावांनी हे दहा वेळा ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं, की त्यात एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. दोन वाजले होते, धुकं उतरत होतं. पोरांना पाठ दिलेल्या धड्यासारखं. आणि ते स्वतः दरवेळी मान हलवून पुस्ती जोडायचे, "हट्टी होताच तो." मेष्ट्रुंनी तेरा दिवस घरून डबा आणला होता. लक्ष्मीदेवींच्या पायाशी बसून रडले होते. अशा माणसावर संशय घ्यायचा म्हणजे आपणच हलकट.

"कोट टांगायला यंदा मी येणार," रंगराव म्हणाले.

"तुम्ही? साठी उलटली तुमची!"

"आणि तुम्हीही यायचं. वाट तुम्हाला ठाऊक. एवढं तरी कराल ना माझ्यासाठी?"

मेष्ट्रुंनी कपातली साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाले, "सकाळी चढू आणि दुपारी उतरू. मुक्काम नको."

४

पहिल्या बसनं निघून ते साडेआठला पायथ्याला पोचले. रघूनं कोटांचं गाठोडं अर्ध्या वाटेवर आणून दिलं आणि तो गव्यांचा माग काढायला दुसरीकडं वळला. बारा वाजता येऊन बघतो, म्हणाला.

चढण रंगरावांना जमली. शिंप्याचे पाय मशीनवर मुरलेले असतात. वर वर जाताना मेष्ट्रुच मागं पडत होते आणि दर वळणावर म्हणत होते, "इथूनच फिरू या का? कोट रघु नेईल." साडेदहाला दाट झाडीतून बाहेर पडले तेव्हा धुकं लागलं. अंग ओलं झालं. गाठोड्यातून रंगरावांनी एक नंबरचा कोट काढून घातला आणि चार नंबरचा मेष्ट्रुंना दिला. त्याचं कोपर त्यांनी पुन्हा शिवलं नव्हतं. उसवलेले दोन टाके तसेच ठेवले होते.

तंगुमने दिसली तेव्हा तिचं दार उघडं होतं. अडसर, चांगला मनगटाएवढा जाड, बाहेर गवतात पडलेला होता.

रंगराव दारापाशी थांबले. दाराच्या फळीवर, बाहेरच्या बाजूनं, चौकटीच्या लगत बारीक बारीक टोचे होते. शेकडो. खालपासून गळ्याच्या उंचीपर्यंत एकसारख्या अंतरावर गेलेले. त्यांनी बोट लावून बघितलं. सुईचे. सुदीप कॉलरच्या आत कायम एक सुई खोचून ठेवायचा, सदऱ्याच्यासुद्धा. पण लाकडाला कोण सुई टोचेल? आणि कशाला? दार फटीतून उसवता येतं का, असं बघावं तसे ते टोचे होते. डावीकडं कललेले.

"कीड आहे ती," मेष्ट्रु मागून म्हणाले. "वाळवी."

"हो," रंगराव म्हणाले. वाळवी रांगेत चालत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मेष्ट्रुंनी गवतातला अडसर उचलून आत भिंतीला टेकवला. आत खोली कोरडी होती. एक खिडकी, तिला जाळी. डोक्यावर अर्ध्या खोलीभर फळ्यांचा माळा. समोरच्या भिंतीला नऊ खुंट्या. आठ रिकाम्या होत्या. नवव्या खुंटीवर एक कॉलर टांगलेली होती. नुसती कॉलर. बाकीचा कोट तिच्यापासून सरळ रेषेत कापून, नव्हे, टाका टाका उसवून काढलेला. आत लाल दोऱ्यानं काढलेला नऊ.

रंगरावांनी मेष्ट्रुंकडं बघितलं. मेष्ट्रु कॉलरीकडं बघत नव्हते. ते वर माळ्याकडं बघत होते.

माणूस हरवलेली वस्तू बघून दचकतो तो एक प्रकार. आणि आपण ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी आहे का, हे बघतो तो दुसरा. रंगरावांना त्या क्षणी सगळं कळलं असं नाही.  पण तीस वर्षांच्या दोस्तीतला माणूस, आणि त्याचे डोळे माळ्याकडं का गेले?

"काय आहे वर, मेष्ट्रे?"

"काय असणार? सरपण." ते बाकावर बसले, पांढरेफटक. "रंगराव, घसा सुकलाय हो. जरा पाणी आणता? झरा खालीच आहे, पन्नास पावलं."

विचारायचं होतं ते विचारण्याआधी रंगरावांनाही श्वास घ्यायचा होता. त्यांनी कॅन उचलला आणि ते बाहेर पडले.

५

धुकं दाट झालं होतं. अकरा वाजले होते, पण उजेड दुधात पाणी घातल्यासारखा. झऱ्यावर कॅन भरताना त्यांना मागं पाचोळा वाजल्यासारखा वाटला. वळून बघितलं. काही नव्हतं. परत फिरताना मात्र त्यांना नक्की ऐकू आलं, कुणीतरी त्यांच्या जरा पुढं, त्याच वाटेनं, खोलीकडं चाललेलं आहे. ओल्या चपलांचा आवाज. कॅनचं हॅंडल कुरकुरल्याचा आवाज. त्यांच्या हातातल्या कॅनचं हॅंडल कुरकुरत नव्हतं.

आणि मग धाडकन दार लागलं. अडसर घसरत जाऊन बसल्याचा आवाज आला.

रंगराव धावले. दार बंद. आत मेष्ट्रुंचा श्वास ऐकू येत होता, दाराला अगदी चिकटून. रंगरावांनी थाप मारली.

"जा रे बाबा," आतून मेष्ट्रु म्हणाले. आवाज रडका, पातळ. "जा. मी नाही उघडणार. तेव्हा नाही उघडलं, आता कसं उघडू? जा रे, सुदीप."

रंगरावांचा हात दारावरच राहिला. टोच्यांवर.

"पाणी तिथंच ठेव आणि जा. किती ठोकशील? त्या दिवशी काय कमी ठोकलंस? मला फांद्या मोडल्याचं ऐकू आलं रे, मला वाटलं आने, हत्ती. मी म्हातारा माणूस. मी भ्यालो. थोड्या वेळानं उघडणार होतो, देवाशपथ. पण तू थांबलास ठोकायचा. मग उघडून काय बघायचं होतं मी?"

नियम दोनच होते त्या खोलीचे. पाणी आणायला गेलेलं पोर, अंगात नुसता सदरा, कोट आत खुंटीवर टांगलेला. कोट आत सापडला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, हा तर परत येणार होता, मग आला का नाही? म्हणून कोट माळ्यावर, सरपणाखाली गेला. म्हणून तो शिखरावर गेला, कोट घालून गेला, हट्टी होता. आणि बाप दुकानात बसून मान हलवत राहिला, होताच हट्टी. सव्वादोन वर्षं. त्याच माणसाच्या हातचा डबा खाऊन.

"मेष्ट्रे," रंगराव म्हणाले. "मी आहे."

 मग अडसर सरकला.

६

मेष्ट्रु दारातून मागं मागं जात खुंट्यांपर्यंत गेले. 

"तुम्ही ऐकलं."

"ऐकलं."

"हत्ती होता, रंगराव."

"बघितलात?"

मेष्ट्रुंनी चष्मा काढला. "मी रोज तुमच्या दुकानात येत होतो," ते म्हणाले. "रोज. सांगायलाच येत होतो. तुम्ही कॉफी मागवायचात."

रंगरावांना वाटलं होतं, असं काही कळलं तर आपण अंगावर धावून जाऊ, गळा धरू. तसं काही झालं नाही. फार थकल्यासारखं वाटलं. ज्याच्या खांद्यावर पोरासाठी रडलो, त्याच खांद्यानं दार दाबून धरलं होतं. एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

तेवढ्यात तो आवाज आला.

दुसऱ्या कुणाला तो कळलाही नसता. मेण लावलेल्या कापडातून मेण लावलेला दोरा ओढला जातो त्याचा, सर्र. मग थांबा. मग परत सर्र. चाळीस वर्षं रंगरावांनी तो दिवसभर ऐकला होता, शेवटी शेवटी दोन हातांचा, एक आपला आणि एक पोराचा.

"रंगराव," मेष्ट्रु म्हणाले, "मागून काहीतरी ओढतंय."

खोलीत धुकं शिरलं होतं. मेष्ट्रुंच्या पाठीमागं, कोटाचा खालचा घेर जरासा उचलला गेला होता. हात दिसला नाही. पण कापड ज्या उंचीवर धरलं होतं ती उंची रंगरावांना ठाऊक होती. गिऱ्हाइकाच्या मागं उकिडवं बसून, डोकं डावीकडं कलतं करून, सुदीप घेर मापायचा ती.

सर्र. टाका डावीकडं पडला. कोटाची कड पँटच्या कापडाला लागली. मग तो आवाज पुढच्या बाजूला आला आणि कोटाच्या दोन्ही कडा, गुंड्या न लावता, खालून एकमेकींना मिळत वर चालल्या.

"दोरा," मेष्ट्रु कुजबुजले. तीस वर्षांत पहिल्यांदा ते हसले नाहीत. "रंगराव, दोरा द्या हो. दातात धरतो. साकु, पुरे झालं, द्या लवकर. अंगावर शिवतोय तो."

रंगरावांच्या खिशात रीळ होतं. त्यांनी बोटभर दोरा तोडला. मेष्ट्रुंनी तोंड उघडून मान पुढं केली, नैवेद्याची वाट बघावी तशी.

रंगरावांनी तो तुकडा स्वतःच्या दातात धरला.

मेष्ट्रु काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं नाही. ते वळले, दारापर्यंत गेले, अडसर उचलून दूर गवतात फेकला. दार सताड उघडं ठेवलं. पाठ खोलीकडं करून उंबऱ्यावर उभे राहिले. मागं सर्र, थांबा, सर्र. एकदा मेष्ट्रुंनी हाक मारली, मग हाक तोंडातल्या तोंडात राहिली. आवाज बटणांच्या उंचीवरून छातीला गेला. छातीवरून गळ्याला.

मग तो थांबला. आणि कट् असं झालं. दातांनी दोरा चावल्याचं.

रंगरावांच्या तोंडून ते निघून गेलं, सवयीनं, हजार वेळा निघालं होतं तसं.

"कात्री घे रे, सुदीप. दात खराब होतील."

तोंड उघडलं आणि दातातला दोरा खाली पडला, उंबऱ्यावर, त्यांच्या पायाशी. दिसत होता. वाकलं की हाताला येईल एवढा जवळ.

मागं खोलीत कुणीतरी उठलं. ओल्या चपला दोन पावलं चालल्या आणि त्यांच्या पाठीशी येऊन थांबल्या. एक नंबरच्या कोटाचा घेर हलकेच उचलला गेला.

लहानपणी मापाला उभा केला की सुदीप चुळबुळ करायचा, आणि ते दटावायचे, हलू नकोस, सुई लागेल. रंगराव हलले नाहीत. दोरा त्यांनी उचलला नाही.

"शीव बाळा," ते म्हणाले. "दार उघडं आहे."

खालच्या वाटेवरून रघूची शीळ ऐकू येत होती. बारा वाजले असावेत.